बिनगोळीचे दोन शुक्रवार

आमच्या घरी शुक्रवार हा गोळ्यांचा वार आहे. इथे कतारमध्ये, दोह्यात शुक्रवारी सुट्टी असते. बिन महमूदमधल्या आमच्या गल्लीत त्या दिवशी सकाळी चक्क गाडी लावायला जागा मिळते, आणि पोहे खाऊन झाले की बायको मेथोट्रेक्सेटच्या सहा पिवळ्या गोळ्या एका घोटात घेते. आठवड्यातून एकदाच, रोज नाही. हे मी तिला, मुलीला, फोनवर सासूबाईंना आणि एकदा विमानात शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनाही बजावून सांगितलं आहे, कारण ही गोळी चुकून रोज घेतली तर माणूस गंभीर आजारी पडतो. त्या गृहस्थांना संधिवात नव्हता. तरी त्यांनी ऐकून घेतलं.

बायकोला आहे तो म्हातारपणी गुडघे धरणारा संधिवात नव्हे. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उठते, तो प्रकार. चाळिशीनंतर सुरू झाला. आधी बोटांची पेरं, मग मनगटं. पिवळ्या गोळ्यांनी तो आटोक्यात आला आणि आमच्या घरी सात खणांची प्लास्टिकची डबी आली. ती डबी दर गुरुवारी संध्याकाळी मी भरायचो. शुक्रवारच्या खणात सहा पिवळ्या, सोमवारी फॉलिक ॲसिड, बाकी दिवशी कॅल्शियम. मी बांधकाम कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर आहे. इमारतीला काँक्रीट किती लागेल, सळई किती लागेल, हे मोजून सांगणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. सात खणांची डबी म्हणजे माझ्या दृष्टीने विश्रांती.

गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात मी ऑफिसातून फ्लू घरी आणला. मी तीन दिवस कण्हलो आणि उठलो. बायकोला मात्र न्यूमोनिया झाला. ती हॉस्पिटलात ऑक्सिजनची नळी लावून पडली होती आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरच्या पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा बघत होतो. तो खाली जायचा तेव्हा मी श्वास धरायचो, जणू माझा वाचलेला तिला मिळणार होता. घरी आल्यावर तिला स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत येताना मध्ये थांबावं लागायचं. त्या वर्षी लस घ्यायची आमची राहून गेली होती. पुढच्या ऑक्टोबरात ती राहू द्यायची नाही, एवढं आम्ही दोघांनी न बोलताच ठरवलं होतं.

तर ऑक्टोबराच्या सुरुवातीला आम्ही सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बाई सुदानी आहेत. इंग्रजी सावकाश बोलतात आणि घाईत कधीच नसतात. मी विचारलं, "फ्लूची लस हिला चालेल ना?"

"चालेल. ही मेलेल्या विषाणूची लस आहे, तिच्याने फ्लू होत नाही."

"पण हिच्यावर ती किती टक्के काम करेल?"

"निरोगी माणसापेक्षा कमी. न घेण्यापेक्षा नक्कीच जास्त."

"म्हणजे किती?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या इमारतीला वॉचमन आहे?"

"आहे."

"समजा तो फार तापट आहे. चोर सोडून राहणाऱ्यांनाच मारतो. हिच्या शरीरात तेच चाललंय. म्हणून आपण त्याला दर आठवड्याला थोडं झोपेचं औषध देतो. लस म्हणजे त्याला चोराचा फोटो दाखवणं. पेंगत असलेला माणूस फोटो नीट बघेल का?"

"नाही."

"म्हणून फोटो दाखवायच्या वेळी त्याला जागं राहू द्यायचं. लस घेतल्यावर पुढच्या दोन शुक्रवारच्या गोळ्या गाळा. सध्या हिचे सांधे शांत आहेत म्हणून मी हे सांगते आहे, सगळ्यांना सांगत नाही. फार सूज आली तर मला फोन करा. आपल्या मनाने काही करू नका."

"मग गोळ्या गाळल्यावर किती टक्के? साठ? सत्तर?"

"हिच्यासारख्या शंभर बायकांचं विचारलंत तर मी अंदाज सांगेन. या एकीचं विचारलंत तर, इन्शाल्ला."

हा शब्द मी साइटवर रोज ऐकतो. गुरुवारी स्लॅब भरणार का? इन्शाल्ला. म्हणजे त्या गुरुवारी भरणार नाही, एवढं पक्कं. त्यामुळे मला घाम फुटला. बायकोने मात्र वेगळंच विचारलं.

"वॉचमन जागा राहिला म्हणजे तो मला मारणार पण?"

"मारणार. थोडं. कदाचित जास्त."

"बरं," ती म्हणाली, आणि मला मराठीत, "या तुमच्यापेक्षा सरळ बोलतात."

निघताना बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "घरातल्या सगळ्यांनी घ्यायची. हिची अर्धवट लागली तर निदान तुम्ही चोर घरात आणू नका." गेल्या वेळी चोर कोणी आणला होता हे मी त्यांना सांगितलं नाही. बायकोने सांगितलं.

घरी येऊन मी दिनदर्शिका काढली. रविवारी लस घेतली तर गाळायचा दुसरा शुक्रवार नेमका दिवाळीच्या आधीच्या सुट्टीत येत होता. म्हणजे फराळ करायच्या दिवशी. त्यातही चकलीच्या दिवशी.

इथे चकलीबद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या मजल्यावर चार बिऱ्हाडं आहेत आणि डबा रिकामा परत करायचा नाही हा चारही घरांचा कायदा आहे. समोरच्या भाभी रत्नागिरीकडच्या. ईदेला त्यांच्याकडून शीरखुर्मा येतो, दिवाळीला आमच्याकडून चकली जाते. बायकोच्या चकलीची भाजणी तिच्या माहेरी सांगलीत भाजली जाते आणि इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी बॅगेतून येते. ती भाजणी मळायला आणि पितळी सोऱ्याचा दांडा फिरवायला मनगटं लागतात. आणि नेमकी मनगटंच दोन शुक्रवार वॉचमनच्या तावडीत जाणार होती.

"लस दिवाळीनंतर घेऊ," मी म्हटलं.

"मुलीच्या वर्गात आत्ताच निम्मी पोरं खोकताहेत. चकलीसाठी मी परत ती नळी लावून घेणार नाही."

"मग चकली विकत आणू."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दिनदर्शिका मिटली.

रविवारी संध्याकाळी हेल्थ सेंटरात आम्ही तिघांनी लस घेतली. रात्री मला ताप भरला. चांगला हुडहुडी भरून. दंड सुजला, अंग ठणकलं, सोमवारी मी रजा टाकली. बायकोला काहीच झालं नाही. तिने मला पेज करून दिली.

दुपारी भाभी चौकशीला आल्या. "वैनी, ताप आला काय?"

"नाही हो."

"हात तरी सुजला असंल?"

"तोही नाही."

भाभींनी पडद्याआडून माझं कण्हणं ऐकलं आणि निकाल दिला. "भाऊंची बघा कशी मस्त लागली. तुमची लागलीच नाय. त्या नर्सने पाणी भरलान असंल."

"बाबा, फीवर प्रूव्ह्ज नथिंग," मुलगी आतून म्हणाली. ती नववीत आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीतून येतं.

ताप हा पुरावा नाही, हे मलाही माहीत होतं. तरी चादरीत गुरफटून मला बरं वाटलं हे खरं. निदान एका लसीबद्दल तरी थर्मामीटरवर आकडा होता.

त्या आठवड्यात मजल्यावरच्या सगळ्यांनी बायकोची प्रतिकारशक्ती वाढवायचा विडा उचलला. भाभींनी मधातली कलौंजी दिली. शेजारच्या बिऱ्हाडातून उंटिणीच्या दुधाची बाटली आली. सासूबाईंनी फोनवर गुळवेलीचा काढा लावून धरला. मी प्रत्येकाला वॉचमनची गोष्ट सांगत सुटलो.

"अहो, हिची प्रतिकारशक्ती कमी नाही, फार जास्त आहे! ती कमी करायला तर गोळ्या आहेत."

"मंग आता कशाला बंद केलाव गोळ्या?" भाभी.

"आता थोडे दिवस वाढवायची आहे."

"तेच सांगत्ये ना मी! वाढवायची हाय, तर घ्या कलौंजी."

डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय काही घ्यायचं नाही, एवढं म्हणून मी दार लावलं. उंटिणीचं दूध मी प्यायलो. खारट असतं.

पहिल्या गुरुवारी मी डबी भरली आणि शुक्रवारचा खण मुद्दाम रिकामा ठेवला. बायकोला उघडून दाखवलाही. पहिला शुक्रवार तसा सोपा गेला. मधल्या मंगळवारी मात्र तिने लोणच्याची बरणी माझ्यासमोर आणून ठेवली आणि उभी राहिली. मी झाकण उघडलं. बुधवारी तिच्या कुडत्याची बटणं मुलीने लावली. गुरुवारी सकाळी ती चहाचा कप दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून प्यायली, लहान मूल धरतं तसा.

"डॉक्टरना फोन करू?"

"फार सूज म्हणाल्या होत्या त्या. ही साधी सूज आहे."

"फार म्हणजे किती?"

"तुमच्या डोक्याएवढी झाली की सांगते."

तिचे हात मी सूज बघण्यासाठी हातात घेतले. गरम होते. बहुतेक त्यामुळेच माझं त्या दिवशी कामात लक्ष नव्हतं. शिवाय एका टेंडरची आकडेमोड संध्याकाळपर्यंत द्यायची होती, आणि येताना एशियन टाउनच्या बाजारातून तिळाचं पाकीट आणि तेलाचा डबा आणायचा होता. सगळं उरकून घरी आलो, जेवलो, नेहमीची सगळी कामं केली आणि झोपलो.

शुक्रवार उजाडला. दहा वाजता स्वयंपाकघरात आमची फौज उभी राहिली. बायको ओट्याशी खुर्ची टाकून बसली, मी मळायला, मुलगी तळायला, आणि भाभी देखरेखीला.

"पाणी किती?" मी विचारलं. वजनकाटा मी तयार ठेवला होता.

"लागेल तेवढं."

"आणि मोहन?"

"अंदाजाने."

"अंदाज म्हणजे किती ग्रॅम? काहीतरी आकडा असेल की नाही!"

"दरवर्षी भाजणी वेगळी असते. मूठ वळून बघायची, राहिली तर बास. मग एक चकली तळून बघायची, ती सांगते."

"म्हणजे तू आणि त्या डॉक्टरीणबाई एकाच शाळेतल्या."

"त्या हुशार आहेतच."

मी माझ्या हिशोबाने मोहन घातलं. पहिली चकली तेलात गेली आणि विरघळली. अक्षरशः नाहीशी झाली, तेलावर फक्त फेस उरला. भाजणी वाढवून मी दुसरी पाडली. ती विरघळली नाही, पण गोल फिरायच्याऐवजी तुटून तुटून पडली.

"बाबा, इट्स पास्ता," मुलगी म्हणाली.

"सळई हाय ती," भाभी म्हणाल्या. "भाऊंच्या साइटवरची."

मग मला ऑफिसातून फोन आला. टेंडरमधला कुठलासा आकडा कुणाला सापडत नव्हता. तो सांगून मी परत आलो तर स्वयंपाकघरातलं चित्र पालटलेलं. बायको उभी होती. सोऱ्या तिच्यासमोर होता आणि कागदावर चकल्या पडत होत्या, गोल, काटेरी, एकसारख्या. ती काहीतरी गुणगुणतही होती. काल जिला कप धरता येत नव्हता, ती सोऱ्याचा दांडा फिरवत होती.

मला एकच सुचलं. हिने गोळ्या घेतल्या.

त्या गोळ्या सकाळी घेऊन दुपारी हात बरे होत नाहीत, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी ते माझ्या डोक्यात नव्हतं. डोक्यात होती ती नळी आणि पडद्यावरचा आकडा. मी बेडरूममध्ये गेलो, कपाटातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि मोजलं. किती असायला हव्यात ते मला पाठ होतं. सहा कमी होत्या. परत मोजल्या. सहाच कमी.

मी पाकीट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"तू गोळ्या घेतल्यास?"

सगळ्यांचे हात थांबले. "काय?" बायको म्हणाली.

"सहा कमी आहेत. अगं, चकलीसाठी? इतके दिवस सोसलंस आणि शेवटच्या शुक्रवारी चकलीसाठी? मी विकत आणल्या असत्या ना! मजल्यावर कोणाला चकली मिळाली नसती तर काय होणार होतं?"

"अहो भाऊ..." भाभी म्हणाल्या.

"थांबा भाभी. मला परत त्या खुर्चीत बसायचं नाहीये." हे जरा मोठ्याने निघालं. मुलीने गॅस बारीक केला.

बायकोने हात पुसले. रागावली नाही. तिच्या चेहऱ्यावर, नंतर लक्षात आलं, सकाळपासून कसली तरी वाट बघत असल्यासारखा भाव होता.

"डबी आणा," ती म्हणाली.

मी डबी आणली.

"शुक्रवार उघडा."

मी उघडला. आत सहा पिवळ्या गोळ्या होत्या. एकीला एक चिकटून, नीट.

"डबी कोण भरतं?"

मी त्या मोजल्या. सहाच होत्या.

"काल जेवण झाल्यावर पाच मिनिटांत भरलीत तुम्ही. तोंडाने टेंडर चालू होतं. मला सकाळी दिसल्या. म्हटलं बघू, मोजणारा माणूस कधी मोजतो."

भाभींनी ओढणी तोंडावर धरली होती, पण खांदे हलत होते. "वैनी, भाऊंनाच लावा गोळी. विसरभोळेपणावरची हाय का बघा एखादी."

"मग हा दांडा कसा काय फिरवतेस?" मी विचारलं. दुसरं काही सुचेना.

तिने दाखवलं. दांड्याला टॉवेल गुंडाळला होता. मूठ न वळता ती तळहाताच्या खालच्या भागाने त्याला ढकलत होती, जरा एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. सोऱ्या भाभींनी दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. युक्ती भाभींची होती. त्यांच्या सासूचे हातही असेच होते.

"दुखत नाही?"

"दुखतंय की. पण तुमच्या सळया बघवेनात."

मी खुर्चीवर बसलो. सकाळचं चित्र डोळ्यांसमोर आलं. बटणंही लावता न येणाऱ्या हातांनी तिने खण उघडला असेल आणि आत नवऱ्यानेच ठेवलेल्या सहा गोळ्या. घेतल्या असत्या तर दोष सरळ माझ्यावर आला असता. तिला कोणी काही म्हटलं नसतं. मीसुद्धा.

"घ्याव्याशा वाटल्या नाहीत?" मी हळूच विचारलं.

"वाटल्या ना. झाकण लावायला उघडण्यापेक्षा जास्त जोर लागला. कसलं कडक झाकण आहे ते." आणि मुलीला, "तेल बघ, जळेल."

मी सहा गोळ्या परत पाकिटात मोजून घातल्या. मग सोऱ्या धरायला भाभींच्या जागी उभा राहिलो. तेवढं काम मला जमलं. त्या दिवाळीला मजल्यावरच्या तीन डब्यांत तिच्या चकल्या गेल्या आणि माझ्या सळया घरात राहिल्या. त्या मीच चहाबरोबर संपवल्या. चवीला वाईट नव्हत्या.

तिसऱ्या शुक्रवारी पोह्यांनंतर तिने सहा गोळ्या एका घोटात घेतल्या. वॉचमन पेंगायला लागायला महिना गेला. तोवर बरण्या मीच उघडल्या.

जानेवारीत मुलीच्या शाळेतून फ्लू घरी आला. मुलगी दोन दिवस शिंकली. मग मी पडलो. मी, ज्याची लस मस्त लागली होती, हुडहुडी भरून, भाभींच्या साक्षीने लागली होती, तो पाच दिवस चादरीत. बायकोने मास्क लावून जेवणाचं ताट दाराशी ठेवायचं आणि लांबूनच विचारायचं, "आज ताप किती?" मी आकडा सांगायचो. मला स्वतःच्या तापाची काळजी नव्हती. भिंतीपलीकडून तिचा खोकला येतो का, इकडे माझे कान लागलेले. दोन दिवस तिचा घसा धरला. आवाज बसला. मी तिच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावायला लावून आकडा दारातूनच विचारत होतो. आकडा चांगला होता. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज परत आला, कारण ती माझ्या सासूबाईंशी फोनवर गुळवेलीवरून भांडत होती.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. "म्हणजे लस हिला लागली. दोन शुक्रवार गाळल्याचा उपयोग झाला."

"झाला असेल," बाई म्हणाल्या. "किंवा तुम्ही दार लावून बसलात त्याचा. किंवा नशीब. एका बाईवरून मी सांगू शकत नाही."

"पण यंदा परत दोन शुक्रवार गाळायला सांगाल?"

"सांधे असेच शांत राहिले, तर सांगेन."

"हे मला कळतं," बायको म्हणाली. तिने पिशवीतून चकल्यांचा डबा काढून टेबलावर ठेवला. त्या हिवाळ्यात तिने दुसऱ्यांदा चकल्या केल्या होत्या, या वेळी दांडा मुठीत धरून. बाईंनी एक तिथेच तोडून खाल्ली आणि यात तेल किती घालतात ते विचारलं. दोघी माझ्याकडे बघून हसल्या.

यंदाचा ऑक्टोबर आला आहे. लस येत्या रविवारी. डबी आता बायको भरते आणि शुक्रवारचा खण मी उघडून बघायचा नाही अशी अट आहे. मी अट पाळतो. उघडत नाही. गुरुवारी ती झोपली की डबी फक्त कानाशी धरून हलवून बघतो.